स्पेन आणि इटलीतील आडनावांच्या मागावर

सोमवार, आल्काला दे एनारेस

माद्रिदच्या आतोचा स्थानकातून उपनगरी गाडीने पाऊण तासाच्या आत आल्काला दे एनारेसला पोहोचता येते. येथे उतरणारे बहुतेक पाहुणे सर्व्हांटेस या लेखकाचे जन्मघर पाहायला येतात. आम्हा उभयतांना त्या घरापेक्षा त्याच्या आडनावात अधिक रस होता. सहल आखतानाच ठरले होते की राजवाडे आणि चित्रदालने जमतील तशी पाहावीत, पण मुख्य शोध घ्यायचा तो या दोन देशांतल्या आडनावांचा. रोस्सी म्हणजे तांबड्या केसांचा, फेरारी म्हणजे लोहार, मोलिनेरो म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, अशा याद्या कोठेही मिळतात आणि त्या चुकीच्या असतात असेही नाही. तरीही एखादे आडनाव कोणाच्या वहीत, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या मर्जीने लिहिले गेले हे समजल्याखेरीज नुसत्या अर्थाने हाती काही लागत नाही, असे माझे मत आहे.

सर्व्हांटेसचा बाप्तिस्मा ९ ऑक्टोबर १५४७ रोजी येथल्या सान्ता मारिया ला मायोर चर्चमध्ये झाला. १९३६ साली यादवी युद्धात ते चर्च जळाले. आज मनोरा आणि एक प्रार्थनागृह तेवढे उभे असून, जुन्या पात्राचे तुकडे बसवून घडवलेले बाप्तिस्म्याचे पात्र तेथे ठेवले आहे. वडिलांचे नाव रोद्रिगो दे सर्व्हांटेस आणि आईचे लेओनोर दे कोर्तिनास. आजच्या स्पॅनिश रिवाजानुसार मुलगा मिगेल सर्व्हांटेस कोर्तिनास झाला असता. प्रत्यक्षात प्रौढ वयात त्याने आपल्या नावापुढे ‘साआवेद्रा’ जोडले, जे आईचे आडनाव नव्हते, तर दूरच्या नात्यातून उचललेले होते. त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारला नाही, कारण आडनाव कोणी कोणते लावावे याचा कायदाच त्या वेळी नव्हता. एकाच घरातला एक मुलगा वडिलांचे, दुसरा आईचे आणि तिसरा ज्याच्याकडून वारसा मिळण्याची आशा आहे त्या आजोबांचे आडनाव लावत असे. चित्रकार वेलास्केस हे याचेच उदाहरण आहे. त्याचे वडील रोद्रिगेझ दे सिल्वा घराण्यातले होते आणि वेलास्केस हे आडनाव आईचे होते. सेव्हिलच्या परिसरात आईचे आडनाव लावण्याचा प्रघात असल्यामुळे जगाला तो आईच्या नावाने माहीत झाला.

आल्कालाचे विद्यापीठ स्थापन करणारे कार्डिनल सिस्नेरोस यांनी १५ व्या शतकाच्या अखेरीस आपल्या धर्मप्रांतातल्या पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवण्यास सांगितले होते. सर्व्हांटेसचा बाप्तिस्मा कोणत्या दिवशी झाला हे आज आपल्याला सांगता येते, ते अशाच एका वहीमुळे. वहीने तारीख पक्की केली, आडनाव मात्र केले नाही. पहिले वडिलांचे आणि दुसरे आईचे अशी दोन आडनावांची जोडी सर्वांसाठी रूढ होण्यास १८७१ साली सुरू झालेली नागरी नोंदणी यावी लागली.

मंगळवार, बुर्गोस

माद्रिदच्या चामार्तिन स्थानकातून वेगवान गाडी पकडून दुपारच्या आत बुर्गोसला आलो. हॉटेलात नोंदणी करताना एक गंमत झाली. अर्जावर ‘पहिले आडनाव’ आणि ‘दुसरे आडनाव’ असे दोन रकाने होते आणि आमच्याकडे एकेकच आडनाव, तेही दोघांचे एकच. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून अगदी सौजन्याने विचारले, “तुम्ही भाऊ-बहीण आहात का?” स्पेनमध्ये लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे नवराबायकोचे आडनाव सारखे असणे हा तेथे निव्वळ योगायोग ठरतो. खोली एकच आणि पलंगही जोडीचा घेतल्यामुळे त्यांची पंचाईत झाली होती. पत्नीने हसून खुलासा केला. दुसऱ्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ मारली.

असाच योगायोग थोड्या वेळाने कॅथेड्रलमध्ये पाहायला मिळाला. मुख्य घुमटाखाली, सर्वांत मानाच्या जागी, एल सिद या नावाने प्रसिद्ध असलेला सरदार रोद्रिगो दीआस आणि त्याची पत्नी हिमेना दीआस यांचे अवशेष १९२१ सालापासून एका साध्या शिळेखाली आहेत. दोघांचे आडनाव दीआस असले तरी ते लग्नामुळे जुळलेले नाही आणि घराणेही एक नाही. दीआस म्हणजे दिएगोचे अपत्य. रोद्रिगोच्या वडिलांचे नाव दिएगो होते आणि हिमेनाच्या वडिलांचेही दिएगोच होते. रोद्रिगोचे वडील मात्र दीआस नव्हते. ते दिएगो लाईनेझ, म्हणजे लाईन नावाच्या गृहस्थांचे चिरंजीव. एल सिदची मुले पुन्हा वेगळी, दिएगो रोद्रिगेझ, क्रिस्तिना रोद्रिगेझ आणि मारिया रोद्रिगेझ, कारण त्यांचा बाप रोद्रिगो. आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांची तीन आडनावे झाली आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, कारण ११ व्या शतकात हे शब्द आडनाव नव्हतेच. बापाचे नाव सांगण्याची ती रीत होती.

पुढे कधीतरी हे चक्र थांबले. कोणा एका पिढीने बापाचे ‘रोद्रिगेझ’ तसेच ठेवले आणि मग बापाचे नाव पेद्रो असो वा हुआन, वंश रोद्रिगेझच राहिला. आज स्पेनमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत गोन्झालेझ, फर्नांडेझ, लोपेझ, मार्तिनेझ, सांचेझ, पेरेझ यांची रांगच लागते. ही सगळी गोन्झालो, फर्नांडो, लोपे, मार्तिन, सांचो आणि पेद्रो यांची लेकरे आहेत. रोद्रिगो, गोन्झालो, फर्नांडो ही नावे व्हिसिगॉथ लोकांच्या जर्मानिक भाषेतून आलेली आहेत, तर लोपेच्या मुळाशी लांडगा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘एझ’ हा प्रत्यय आला कोठून यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींना त्यात लॅटिनची षष्ठी विभक्ती दिसते, तर काहींना उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेचा प्रभाव. चौदा लाखांहून अधिक लोकांचे पहिले आडनाव असलेले गार्सिया हे देशातले सर्वांत मोठे आडनाव, आणि त्याचाच उगम वादग्रस्त आहे. ते बास्क असावे असे बहुतेक जण मानतात. पुढे कोणी अस्वल असा अर्थ लावतात, तर कोणी तरुण असा.

कॅथेड्रलच्या भोवतालच्या गल्ल्यांत आडनाव सांगितले की त्याची कुलचिन्हाची ढाल छापून देणारी दुकाने आहेत. लोपेझ घराण्याची म्हणून एक ढाल ग्राहकाच्या हाती दिली जाते, पण ज्या ज्या घरात लोपे नावाचा बाप होता त्या प्रत्येक घरातून हे आडनाव स्वतंत्रपणे निघाले आहे, तेव्हा त्या सर्वांची ढाल एक कशी असेल, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचा धंदा मात्र जोरात चालला होता.

बुधवारी सकाळी शहराच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर असलेल्या विवार या छोट्या गावी जाऊन आलो. एल सिद ‘विवारचा’ म्हणवला जाई तो या गावामुळे. गावात फारसे काही पाहण्यासारखे नाही.

गुरुवार, हावियेर

नाव्हारा प्रांतातल्या पाम्प्लोना शहरापासून पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवर हावियेरचा किल्ला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माणसाला हे ठिकाण परके वाटू नये, कारण सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ साली येथेच जन्मले. १५४२ मध्ये ते गोव्यात उतरले आणि आज त्यांचे शव जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेत आहे. मुंबईत तर ‘झेवियर्स’ म्हटले की १८६९ साली स्थापन झालेले महाविद्यालयच कोणाच्याही डोळ्यांपुढे येते.

या संताचे आडनाव खरे पाहता झेवियर नव्हते. वडील हुआन दे हासो आणि आई मारिया दे आझ्पिलिकुएता. किल्ला आईच्या वारशातून आलेला. फ्रान्सिस यांनी किल्ल्याचे नाव उचलले, तर त्यांच्या एका भावाने आझ्पिलिकुएता हे आईचे आडनाव लावले. हावियेर हा शब्द बास्क भाषेतल्या ‘एचे बेरी’ या दोन शब्दांपासून झाला आहे. एचे म्हणजे घर आणि बेरी म्हणजे नवे. हाच जोड शब्द स्पॅनिश वळणाने एचेव्हेरिया या आडनावात आजही जिवंत आहे. सर्व्हांटेसने जोडलेले साआवेद्रा हे गालिसियातले आडनाव आहे आणि त्याचा अर्थ जुना वाडा असा होतो, म्हणजे आठवड्याभरात आम्हाला जुने आणि नवे दोन्ही वाडे भेटले.

बास्क मुलखात माणसाला घराचे नाव लागते, घराला माणसाचे नाही, हे ध्यानात घेतले की तेथली आडनावे उलगडू लागतात. गोइकोएचेआ म्हणजे वरचे घर, इबार्रा म्हणजे नदीकाठचे खोरे, एलिसोन्दो म्हणजे चर्चशेजारचे, मेंदोसा म्हणजे थंड डोंगर, आणि दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यामुळे जगभर गेलेले बोलिव्हार म्हणजे गिरणीचे खोरे. आपल्याकडचा ‘कर’ गावाचे नाव सांगतो. बास्क आडनाव गावातले नेमके घर आणि त्याच्या आजूबाजूची जमीन दाखवते. शेतघर विकत घेऊन राहायला गेलेले कुटुंब पूर्वी त्या घराच्या नावाने ओळखले जाऊ लागे, अशी उदाहरणे येथे पुष्कळ आहेत.

किल्ला आज फार नीटनेटका दिसतो, कारण तो बराचसा नव्याने उभा केलेला आहे. कॅस्टिलने नाव्हारा जिंकल्यानंतर १५१६ साली त्याचे बुरूज आणि तटबंदी पाडण्यात आली. हुकूम कार्डिनल सिस्नेरोस यांचा होता. आल्कालाला बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या संदर्भात भेटलेले तेच हे सिस्नेरोस. प्रार्थनागृहात अक्रोडाच्या लाकडातला ख्रिस्त आहे, त्याच्या ओठांवर स्पष्ट हसू आहे. बाहेर ताटकळणाऱ्या शाळकरी मुलांच्या गटात हावियेर नावाची तीन-चार मुले तरी असावीत, असे शिक्षिकेच्या हाका ऐकून वाटले. घराचे नाव किल्ल्याला, किल्ल्याचे संताला आणि संताचे मुलांना, असा हा शब्द फिरला आहे. गोव्यातल्या फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्वीस या घरांकडे वळल्यास गोष्ट आणखी एक वळण घेते: स्पॅनिश ‘एझ’चा पोर्तुगीज जोडीदार ‘एस’, आणि १६ व्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्या गोवेकरांना ती आडनावे मिळाली ती पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून. त्या आडनावांवरून कोणाचे रक्त आयबेरियातून आले असे अनुमान काढणे व्यर्थ आहे.

शनिवार, जेनोव्हा

बार्सेलोनाहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीने समुद्रमार्गे जेनोव्हा गाठले. पुष्कळ आडनावे याच पाण्यावरून इकडून तिकडे गेली आहेत. कोलंबस हा जेनोव्हाचा कोलोम्बो, म्हणजे कबुतर. स्पेनमध्ये त्याचा कोलोन झाला. पिकासो तर नाकासमोरचे उदाहरण आहे. तो १८८१ साली मालागात जन्मला, वडिलांकडून रुईझ आणि आईकडून पिकासो. रुईझ म्हणजे रुईचा, अर्थात रोद्रिगोचा मुलगा. असे रुईझ स्पेनभर पसरलेले. पिकासो हे आईच्या घराण्याचे आडनाव जेनोव्हाजवळच्या सोरी या किनारी गावाकडून आलेले आणि स्पेनमध्ये विरळ. १९०१ च्या सुमारास त्याने सहीतून रुईझ गाळले, ते बहुधा याच हिशेबाने.

जेनोव्हात आडनाव हा राजकारणाचाही विषय होता. जेनोव्हाचा नौसेनापती आंद्रेआ दोरिया याच्या पुढाकाराने १५२८ साली जी राज्यव्यवस्था आली, तिने उमराव घराण्यांची २८ गटांत विभागणी केली. शहरात किमान सहा घरे नांदती असलेल्या घराण्याला स्वतःचा गट मिळाला. बाकीच्यांनी त्यांपैकी एका गटात सामील व्हावे आणि त्याचेच आडनाव लावावे असा नियम झाला. सुमारे अर्धशतक हा नियम टिकला. त्या काळातल्या दस्तऐवजात एखाद्याला दोरिया किंवा स्पिनोला म्हटलेले आढळले, तर तो जन्माने त्या घराण्यातला असेलच असे म्हणता येत नाही. दोरियांचे सान मात्तेओ चर्च काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आहे. पांढऱ्या पट्ट्यांवर घराण्याचे पराक्रम कोरलेले आहेत.

रविवार, मिलान

मिलानमध्ये एक दिवसच होतो. १५ व्या शतकात फ्रान्चेस्को स्फोर्झाने बांधायला घेतलेले जुने मोठे रुग्णालय आता विद्यापीठाच्या ताब्यात आहे. रुग्णालयाचे चिन्ह कबुतर होते, म्हणून त्याच्या आश्रयाला आलेल्या अनाथ बालकांना १८२५ पर्यंत कोलोम्बो हे आडनाव दिले जाई. शहरात आणि आसपास कोलोम्बो आडनाव इतके सर्रास आढळते त्यामागे हे एक कारण आहे; कोलंबसाशी त्याचा संबंध नाही. इटलीत बिऱ्हाडाच्या घंटीवर आडनाव लिहिलेले असते, त्यामुळे रस्त्याने चालता चालता मोफत अभ्यास होतो: कोलोम्बो, ब्राम्बिल्ला, बियांकी, फेरारी, आणि पाओलो सार्पी रस्त्याच्या परिसरात ‘हू’. चिनी स्थलांतरितांचे हे आडनाव आता मिलानमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत गणले जाते.

मंगळवार, कियोज्जा

वेनिसच्या खाडीच्या दक्षिण टोकाला असलेले कियोज्जा हे मासेमाऱ्यांचे गाव सहलीच्या कंपन्यांच्या यादीत सहसा नसते. आमच्या दृष्टीने मात्र अख्ख्या प्रवासातला हाच सर्वांत मोलाचा मुक्काम ठरला. वेनेतो प्रांतात शिरल्यापासून आडनावांचा शेवटचा स्वर गळू लागतो. त्रेव्हिझान म्हणजे त्रेव्हिझोचा, व्हिसेन्तिन म्हणजे व्हिचेन्झाचा, फुर्लान म्हणजे फ्रिउलीहून आलेला, मारांगोन म्हणजे सुतार, झानिन म्हणजे झुआनचा, अर्थात जोव्हान्नीचा. परगावाहून आलेल्याला त्याच्या गावाचे नाव चिकटते, गावातच राहिलेल्याला नाही. म्हणून फुर्लान हे आडनाव फ्रिउलीच्या बाहेर रुजले. गावाच्या नावाचे प्रत्येक आडनाव ज्यूंचे असते, हा इटलीत वरचेवर ऐकू येणारा समज म्हणूनच फोल आहे. ज्यू कुटुंबांनी गावांची नावे लावली हे खरे, पण इतरांनीही ती तितक्याच सढळपणे लावली.

कियोज्जात आणि पुलापलीकडच्या सोत्तोमारिना या भागात दोन आडनावांचे राज्य आहे: बोस्कोलो आणि तियोझ्झो. पिढ्यान्‌पिढ्या याच घरांत सोयरिकी होत राहिल्या आणि नावेही त्याच त्या संतांची ठेवली गेली. त्यामुळे नाव आणि आडनाव दोन्ही सारखे असलेली माणसे शेकड्यांनी झाली. तेव्हा ‘देत्तो’, म्हणजे त्याला म्हणतात ते टोपणनाव, आडनावाला जोडण्यात आले. बोस्कोलो आन्झोलेत्ती, बोस्कोलो मेनेगुओलो, तियोझ्झो फाझियोलो, तियोझ्झो पाजो ही अशी जोड आडनावे. मेनेगुओलोच्या मुळाशी दोमेनिको आहे आणि फाझियोलो म्हणजे घेवडा. कोणा पूर्वजाचे घेवड्याशी काय नाते होते हे वंशजांनाही सांगता येणार नाही, पण टोपणनाव आज ओळखपत्रावर सरकारी शिक्क्यासह छापले जाते.

मासळीबाजारात खेकडे विकणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना मी मोडक्या इटालियनमध्ये याबद्दल विचारले. “बोस्कोलो कोण विचारतो?” ते म्हणाले. “येथे देत्तो विचारायचा. लहानपणी पोस्टमन तोच ओरडत यायचा.” शेजारच्या गाळ्यावरची बाई मध्येच बोलली की तिचे माहेर आणि सासर दोन्ही बोस्कोलो, देत्तो मात्र वेगळे, आणि लग्न ठरवताना सासूबाईंनी पहिल्यांदा तोच विचारला होता.

सासूबाईंच्या प्रश्नामागे जुना धर्मनियम आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक पाद्र्याला विवाहांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममाता-धर्मपित्यांची नावे लिहिण्यास सांगितले, ती मुख्यतः निषिद्ध नात्यांत लग्ने होऊ नयेत म्हणून. वहीत नाव शोधायचे तर ते पिढ्यान्‌पिढ्या एकच असले पाहिजे. इटलीत सामान्य माणसाचे आडनाव गोठले ते मोठ्या प्रमाणावर या वह्यांमुळे. कियोज्जासारख्या गावात मात्र गोठलेल्या आडनावाने ओळख पटेना, म्हणून लोकांनी त्याच्यापुढे दुसरे उभे केले.

गुरुवार, फ्लॉरेन्स

सान्ता क्रोचे चर्चमध्ये गालिलिओच्या भव्य समाधीपुढे गर्दी असते. त्याच चर्चच्या फरशीत त्याच नावाच्या पूर्वजाची, १५ व्या शतकातल्या एका वैद्याची, झिजलेली शिळा आहे आणि तिच्यावरच्या लॅटिन मजकुराचा आशय असा की हा ‘गालिलेइ, पूर्वीचे बोनायुती’ घराण्यातला. बोनायुती हे मूळ आडनाव सोडून घराण्याने या नामांकित वैद्याचे नाव आडनाव म्हणून घेतले. गालिलिओ गालिलेइ या द्विरुक्तीचा उगम तेथे आहे. शेवटचा ‘इ’ इटालियन आडनावांत एवढा आढळतो, कारण तो अमक्याचा किंवा अमक्याच्या घरचे लोक असा अर्थ देतो. मेदिची म्हणजे वैद्य मंडळी. १४२७ साली फ्लॉरेन्सने करआकारणीसाठी घरोघरची जी मोठी नोंद केली, तीत अनेक कुटुंबप्रमुखांना आडनावच नाही; अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू एवढ्यावर काम भागवलेले आहे.

दुपारी ब्रुनेलेस्कीने आखलेल्या इनोचेंती या अनाथाश्रमात गेलो. पहिले मूल तेथे १४४५ साली आले. ओसरीच्या डाव्या टोकाला जाळीची खिडकी असून, चार शतके, १८७५ पर्यंत, मुले येथून आत घेतली जात असे वरच्या शिळेवर लिहिले आहे. आतल्या संग्रहालयात छोटे छोटे खण आहेत. एकेक ओढावा तर आत अर्धे तोडलेले पदक, मण्यांची माळ किंवा कापडाचा तुकडा निघतो. दुसरा अर्धा आईजवळ राहत असे, पुढेमागे मूल परत मागायचे झाल्यास खूण पटावी म्हणून. पत्नी त्या खणांपाशी बराच वेळ रेंगाळली. या मुलांची आडनावे इनोचेंती, देल्यिनोचेंती, नोचेंतिनी अशी झाली. निष्पाप असा त्यांचा अर्थ.

शनिवार, नेपल्स

फोर्चेल्ला वस्तीतल्या आनुन्झियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत लाकडी फिरते पिंप होते. बाहेरून मूल ठेवायचे, पिंप फिरवायचे, आत दाई ते उचलून घेई आणि वेळ, अंगावरचे कपडे, काही खूण असल्यास ती, वहीत लिहिली जाई. आडनावाच्या जागी एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. नेपल्समध्ये आज सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच आहे. रोममध्ये अशा मुलांना प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेले, म्हणत आणि स्पेनमध्ये एक्सपोसितो. स्पेनच्या चौथ्या कार्लोसने १७९४ साली अशी मुले कायद्याने औरस मानावीत असे फर्मान काढले. टाकून दिलेल्या मुलांना सरसकट एस्पोझितो म्हणण्यास १९ व्या शतकाच्या सुरुवातीस नेपल्सचा राजा झालेल्या म्युराने बंदी केली, तेव्हापासून कारकून मनाला येतील ती आडनावे देऊ लागले. परिणामी तेथल्या एस्पोझितो घरांचा उगम बंदीपूर्वीचा आहे एवढे निश्चित सांगता येते, आणि १९ व्या शतकातल्या एखाद्या अनाथाचा वंशज मात्र आपल्या छानदार आडनावावरून काहीच ताडू शकत नाही. पिंप १८७५ साली बंद झाले; त्याची चौकट पाहता येते.

आनुन्झियाताच्या वहीत बापाचा रकाना रिकामा राहत असे; आता इटलीत बापाच्या आडनावाची सक्तीच उरलेली नाही. घटना न्यायालयाने २०२२ साली निर्णय दिला की मुलाला आईवडील दोघांचीही आडनावे, त्यांनी ठरवलेल्या क्रमाने, मिळतील. एकच ठेवायचे तर दोघांची संमती हवी. दोन आडनावांच्या दोन माणसांच्या मुलाला पुढे चार मिळू नयेत, यासाठी संसदेने कायदा करावा असेही न्यायालयाने सुचवले. स्पेनमध्ये ही अडचण फार पूर्वीच सुटली आहे. तेथे आई आणि बाप प्रत्येकी आपले पहिलेच आडनाव मुलाला देतात आणि दुसरे आपल्यापाशी ठेवतात. कोणते आधी लावायचे हे पूर्वी कायदा सांगत असे, २०१७ पासून नोंदणीच्या वेळी आईवडील ठरवतात.